जिवंत रबर

माझ्या धाकट्या बहिणीचं, कौसाचं, लग्न ज्या माघात झालं त्याच्या आदल्या महिन्यातली ही गोष्ट. साल एकोणीसशे सत्तर. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर होती. देवळालीत थंडी अशी की नळाखाली हात धरवत नव्हता, आणि मी वागळे साहेबांच्या बंगल्यात मुंडक्यांना पूड लावत बसले होते.

मुंडकी म्हणजे मास्क. लढाईतले, विषारी गॅसपासून वाचायचे. साहेब लष्करी सामानाच्या डेपोत मोठ्या हुद्द्यावर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी हा एकच नाद धरला. मोडीत निघालेला माल, भंगारवाले, मुंबई-पुण्याचे जुने बाजार, कुठून कुठून ते मास्क शोधून आणत. रबराचा मास्क नुसता ठेवला की त्याला घडी पडते आणि घडीवरच तो तडकतो. म्हणून साहेबांनी कुंभाराकडून माणसाच्या डोक्याएवढी मडकी करून घेतली होती. मडकं पालथं घालायचं आणि त्यावर मास्क चढवायचा. पुढच्या मोठ्या खोलीत चारी भिंतींना फळ्या, आणि फळ्यांवर ही मुंडकी काचेच्या डोळ्यांनी बघत बसलेली. कँपातली पोरं त्याला मुंडक्यांचा बंगलाच म्हणत.

नवऱ्याने टाकल्यावर मी आई आणि कौसाबरोबर बंगल्यामागच्या खोलीत राहत होते. झाडलोट माझ्याकडे, भांडी मागच्या मोरीवर. स्वयंपाकघरात मला पाय ठेवायचा नव्हता, आमची जात ती. पण मास्कच्या खोलीत मी जात असे. ते काम साहेबांनी मला स्वतः शिकवलं होतं. कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायचं, सावलीत वाळवायचं, वर शंखजिऱ्याची पूड हलक्या हाताने फिरवायची. तेल नाही, ऊन नाही, ओला हात तर अजिबात नाही. आणि रोज सकाळी खिडक्या उघडायच्या.

"कोंडून ठेवलं की रबर मरतं, ठकू," साहेब म्हणायचे. "त्याला हवा लागते."

रबर मऊ असेल तर बोटाने दाबून ते म्हणत, "हा जिवंत आहे." एखादं कडक होऊन चिरलं तर "गेला बिचारा" म्हणत आणि त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठत.

तर त्या सकाळी खिडकीच्या गजांतून माझ्या भावाने, पुंजाने, आत तोंड घातलं.

"रामराम मंडळी," तो मुंडक्यांना म्हणाला. "एक बी बोलंना की गं आक्का. लई गर्विष्ठ दिसत्यात."

"गप. साहेब आत हाईत."

"आन् ह्यो सोंडंवाला कोन? गनपती बसवलाय व्हय?"

मला हसू फुटलं. तोंडापासून पिशवीपर्यंत नळी असलेला तो मास्क पहिल्या लढाईतला होता. साहेबांचा सगळ्यात लाडका.

"त्यो लांबून आलाय. परमुलखातनं. तिथं आपली बी मानसं लढली. दुश्मन गॅस सोडायचा म्हनं. ह्यो तोंडाला बांधला की गॅस लागत न्हाई."

पुंजा हसायचा थांबला. "गॅस लागत न्हाई?"

"साहेब सांगत्यात तसं."

"मंग एक मला दे की त्यातला. शिपायाला गॅस लागतो, आन् आमाला काय आत्तर लागतं?"

आमचं सगळं घर सफाईतलं. गॅस हा शब्द आमच्या घरात स्वयंपाकाचा नव्हता आणि लढाईचाही नव्हता. 'अमक्याला गॅस लागला' म्हटलं की बाया भाकरी टाकून धावत सुटायच्या. आमचे वडील, भागुजी, तसेच गेले. मी तेव्हा परकर नेसत होते आणि पुंजा कमरेला करदोडा घालून हिंडत होता. त्यामुळे पुंजा थट्टेखोर असला तरी एका बाबतीत कुणाचं ऐकत नसे. बंद टाकीचं झाकण काढलं की ती एक दिवस उघडी ठेवायची, दुसऱ्या दिवशी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, आणि कंदील जळत राहिला तरच उतरायचं. मुकादम शिव्या देवो नाहीतर गयावया करो.

त्या दिवशी तो आला होता तो साहेबांच्याच संडासाच्या टाकीसाठी. टाकी तुंबून घाण पाणी मागच्या आवारात यायला लागलं होतं. साहेबांनी मला विचारलं, आणि मी भावाला सांगावा धाडला. त्याच्याबरोबर त्याचा जोडीदार सोपान होता.

दोघांनी पहारीने फरशी उचलली. मी बादल्या ओढायला लागले. वरचं पाणी उपसलं तरी खालचं हलेना. पुंजाने कंदील पेटवून आत सोडला. थोडा खाली गेला आणि ज्योत बसली. वर ओढून, पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा बसली.

तेवढ्यात साहेब नाकाला रुमाल लावून आले. गळ्यात मफलर, पायात लोकरी मोजे.

"काय रे, किती वेळ लागेल?"

"साहेब, उघडी ऱ्हाऊ द्या. उद्या दुपारी उतरतो," पुंजा म्हणाला. "कंदील विझतोय."

"कंदिलाचं काय?"

"आत गॅस हाय."

"उद्या सकाळी पुण्याहून माणसं येताहेत. संग्रहालयाची माणसं. माझा संग्रह बघायला." साहेबांनी रुमाल काढला, कारण हे सांगताना त्यांना तोंड झाकून चालत नव्हतं. "पसंत पडला तर सगळं तिकडे जाईल. स्वतंत्र दालन देतील. आणि मी त्यांना हा वास दाखवू? आजच व्हायला पाहिजे."

"वरून जेवढं निघायचं तेवढं काढलं. बोळा खाली पायपाच्या तोंडाला बसलाय. त्याला उतरावंच लागतंय. आन् त्यात आज कर हाय साहेब, वंगाळ दिस."

"असल्या गोष्टी माझ्यासमोर बोलू नकोस."

पुंजाने मान खाजवली. माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत तीच सकाळची थट्टा होती, पण आता तिच्याखाली दुसरं काहीतरी होतं.

"मंग असं करा. त्यो मास्क द्या. आत्ता उतरतो."

"कुठला मास्क?"

"तुमचा. गॅसचा."

साहेब हसले. खरोखरच त्यांना गंमत वाटली. "अरे वेड्या, ते वापरायचे नाहीत."

"मंग कशाचे हाईत?"

"जपायचे आहेत."

सोपान खाली मान घालून दोरीची गाठ बघत बसला. मी हातातली बादली ठेवली. साहेबांशी मी कधी वर तोंड करून बोलले नव्हते, त्या दिवशी बोलले.

"साहेब, खालच्या फळीवर तीन सारखे हाईत. त्यातला एक द्या. मी धुवून, पुसून, पूड लावून होता तसा मडक्यावर ठेवते. पुन्याच्या मानसांना कळनार बी न्हाई."

"ठकू, तू तरी असं म्हणू नयेस. तुझ्या हाताखालून जातात ते. या घाणीत, या वाफेत रबराचं काय होईल हे तुला कळत नाही? तासाभरात मरेल."

"आन् मानूस?"

"माणसाला काय होतंय?" साहेब म्हणाले. लहान मुलाला समजवावं तसे म्हणाले. "तो मास्क तोंडावर असला की माणूस मरत नाही. त्याचसाठी केलाय तो. हजारो सैनिक वाचले त्याने. तुझ्या भावाला काहीसुद्धा होणार नाही. प्रश्न मास्कचा आहे. लढाईच्या वेळचं रबर मी आजपर्यंत जिवंत ठेवलंय. आणि ते तीन सारखे नाहीत. तीन वेगळ्या कारखान्यांचे आहेत. एक गेला की संच मोडला."

साहेबांनी टाकीकडे पाहिलं, आवाराकडे पाहिलं.

"नसेल जमत तर राहू दे. मी दुसरा माणूस बघतो," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कौसाचं लग्न याच आवारात करायचं ठरलंय ना, ठकू? मी हो म्हटलंय. मग ही टाकी अशीच ठेवून मंडप घालणार आहात का?"

ते ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. आमच्या वस्तीत दोन माणसं जेमतेम एकमेकांना वाट देतील एवढीच गल्ली. आईने नवरदेवाकडच्यांना छाती फुगवून सांगितलं होतं, लग्न बंगल्यात आहे. साहेबांनी जागा काढून घेतली नव्हती. ती कोणाच्या हातात आहे, एवढी फक्त आठवण करून दिली होती.

पुंजाला ते माझ्याआधी कळलं.

"पुंजा, नको," मी म्हणाले. "गेला मांडव उडत."

"आई काय म्हनंल?"

"मी बघते आईचं."

"दोन मिन्टांचं काम हाय आक्का. बोळा काढला की वर."

"उद्याच्याला कर की लेका," सोपान म्हणाला. "कुनी मरत न्हाई एका दिसानं."

"उद्या साहेबांचे पाव्हणे. चल, दोरी धर."

त्याने डोक्याचा पंचा सोडला, नळाखाली भिजवला आणि नाकातोंडावरून करकचून बांधला. वरून डोळे तेवढे दिसत होते. साहेबांकडे वळून म्हणाला, "ह्यो आमचा मास्क. ह्यो मेला तर कुनाचं जेवान ऱ्हात न्हाई."

साहेबांना ते ऐकू गेलं असेल की नाही, मला माहीत नाही. ते घरात गेले होते.

कमरेला दोरी बांधून, हातात सळई घेऊन पुंजा उतरला. पहिल्यांदा सळईचा आवाज आला. मग त्याचाही आवाज आला, "लागला रं हाताला." मग काहीतरी जड पाण्यात बसल्यासारखा आवाज झाला. सोपानच्या हातातल्या दोरीला हिसका बसला.

"पुंजा!" सोपान ओरडला. "ए पुंजा!"

मी टाकीत वाकून पाहिलं नाही. मी धावले ती मास्कच्या खोलीकडे. मला दुसरं काही सुचलं नाही. एवढंच डोक्यात होतं की तो घातला की माणूस मरत नाही. सोपानला तो घालून खाली सोडीन, तो पुंजाला वर आणील. खालच्या फळीवरचा मास्क मी ओढला, मडकं खाली पडून फुटलं. त्या आवाजाने साहेब दारात आले. माझं मनगट त्यांनी धरलं आणि म्हणाले, "हात ओले आहेत तुझे!"

मी आज एवढी म्हातारी झाले, कानाला कमी ऐकू येतं, पण ते चार शब्द मला कोणी दाराबाहेरून म्हटल्यासारखे ऐकू येतात. हात ओले आहेत तुझे. हात ओलेच होते. मी त्यांच्याच टाकीच्या बादल्या उपसत होते.

"पुंजा पडलाय!" मी म्हणाले.

त्यांनी मनगट लगेच सोडलं नाही. त्यांच्या डोक्यात ते शिरायला वेळ लागला. मग शिरलं, आणि त्यांनी हात असा झटकन काढला की जणू चटका बसला. "जा, जा," म्हणाले, आणि माझ्यामागून नुसत्या मोज्यांवर धावत आले.

तोवर सोपानने आणि शेजारच्या माळ्याने दोरीला बांधलेल्या पुंजाला वर ओढलं होतं. फरशीवर तो उताणा होता. पंचा गळ्याशी आला होता. डोळे उघडे. सोपान त्याच्या छातीवर बुक्क्या मारत होता आणि त्याला आईबहिणीवरून शिव्या देत होता, ऊठ म्हणून.

आई खोलीतून आली. कौसा तिच्यामागे. त्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

एक गोष्ट खरी ती सांगते. साहेबांनी त्यानंतर जे जे करायचं ते सगळं केलं. शेजारच्या बंगल्यातल्या डॉक्टर पाटणकरांना स्वतः धावत जाऊन आणलं. घरातली धुतलेली पांढरी चादर आणली आणि आपल्या हाताने पुंजावर घातली. त्या हाताला घाण लागली, ती त्यांनी पुसली नाही. ते वाईट माणूस नव्हते, असं सगळे म्हणतात. मी कुठे नाही म्हणते.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि उठून उभे राहिले. मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"हे काय आहे?"

माझ्या मुठीत तो मास्क तसाच होता.

"त्याने मागितला होता," साहेब म्हणाले. "उतरायच्या आधी. मी... मी दिला नाही, पाटणकर."

डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, देऊन काय होणार होतं? टाकीत नुसता विषारी वायू असता तर गोष्ट वेगळी. आत श्वासाला हवाच उरत नाही. हा मास्क हवा गाळतो, तयार करत नाही. जिथे हवाच नाही तिथे गाळणार काय? तो हा घालून उतरला असता तरी हेच झालं असतं. स्वतःला दोष लावून घेऊ नका."

मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते. डोक्यावरची मोळी उतरवून ठेवल्यावर माणसाची मान जशी सरळ होते, तशी त्यांची मान सरळ झाली. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास सोडला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"ऐकलंस ठकू, डॉक्टर काय म्हणाले?"

"ऐकलं."

"दिला असता तरी तो वाचला नसता. काही उपयोग नव्हता त्याचा."

"ह्ये तुमाला आत्ता कळलं," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"मगाशी ठाऊक नव्हतं. मगाशी तुमी म्हनलात, ह्यो तोंडावर आसला की मानूस मरत न्हाई. तुमाला त्ये खरं वाटत व्हतं. माझा भाऊ यानं वाचंल आसं तुमाला खरं वाटत व्हतं, आन् तरी तुमी न्हाई म्हनलात."

"बाई, तुम्ही आत्ता दुःखात आहात," डॉक्टर मध्ये पडले.

"तुमी थांबा डॉक्टर. ह्ये आमचं दोघांचं हाय."

साहेबांनी खाली पाहिलं. खाली पुंजा होता, म्हणून त्यांनी नजर काढून घेतली, आणि ती माझ्या मुठीवर आली. मी मास्क इतका आवळला होता की त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. त्यांनी हात पुढे केला. मुद्दाम केला असं मी म्हणत नाही. सवयीने गेला असेल.

मी मूठ उघडली आणि मास्क त्यांच्या हातावर ठेवला.

"घ्या. जिवंत हाय."

त्याच संध्याकाळी आम्ही ती खोली सोडली. आईला घेऊन वस्तीत चुलत्याकडे गेलो. कौसाचं लग्न माघात गल्लीतच झालं, वाजंत्रीशिवाय. पुण्याची माणसं दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आली, असं माळ्याने सांगितलं. मागच्या आवारात फिनेल ओतलं होतं आणि मागचं दार लावून घेतलं होतं. त्यांना मुंडकी पसंत पडली की नाही ते मी विचारलं नाही.

साहेब एकदा वस्तीत आले होते. गल्लीत शिरताना त्यांना अंग चोरावं लागलं. हातात आईसाठी लुगडं होतं. ते आईने घेतलं, मी तिला अडवलं नाही. जाताना दाराशी थांबून मला म्हणाले, "डॉक्टरांचं तुला पटलं नाही का गं?"

"पटलं की," मी म्हणाले. "तुमचं पटत न्हाई."

ते वळले आणि गेले.

पुढे आयुष्यभर मला हेच ऐकावं लागलं. आई म्हणायची, कौसा म्हणायची, कौसाचा नवरा तर दर सणाला म्हणायचा: देऊन तो वाचला नसताच, मग एवढा राग कशाचा धरून बसलीस? पन्नाशीला मी साक्षरता वर्गात जायला लागले, तिथल्या मास्तरीणबाईंनाही मी हे सांगितलं. त्या भल्या होत्या. त्याही म्हणाल्या, "ठकूबाई, सोडून द्या आता. त्यांच्या हातात काय होतं?"

त्यांच्या हातात मास्क होता. त्याने माणूस वाचतो असं त्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक असणं चुकीचं निघालं, याचं श्रेय त्यांना कोणी देऊ नये. निदान माझ्यासमोर देऊ नये.

वागळे साहेब एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात आपल्या पलंगावर म्हातारपणाने वारले. सोपान एकोणऐंशी साली दुसऱ्या एका टाकीत मेला. माझा भाऊ पुंजा भागुजी गांगुर्डे पंधरा जानेवारी एकोणीसशे सत्तर रोजी, करीच्या दिवशी, दुपारी मेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.